साहेबांचा साप आणि बत्तीस अंश

गेल्या जानेवारीत आमच्या टोकियोच्या घरात चौघं राहत होतो आणि त्यांतल्या फक्त एकाला थंडी वाजत नव्हती. तो साप होता.

साप आमचा नव्हता, साहेबांचा होता. मी तोयोसूतल्या एका कंपनीत सर्व्हरवर लक्ष ठेवायचं काम करतो. म्हणजे दिवसभर पडद्यावरच्या रेघा पाहतो. रेघ सरळ असली की चहा पितो, वाकडी झाली की इतरांना मेल पाठवतो. (प्रत्यक्ष सर्व्हर मी सहा वर्षांत दोनदाच पाहिलेत. दुसऱ्यांदा तर टॉयलेट शोधताना.) माझे साहेब कुरोदा-सान, साठीला टेकलेले आणि कमालीचे अबोल. ऑफिसात त्यांच्या 'हं'चे चार प्रकार आहेत, आणि नवीन माणसाला आम्ही आधी ते शिकवतो.

डिसेंबरच्या पार्टीत कोणीतरी मला नेहमीचा प्रश्न विचारला, की भारतात रस्त्यावर साप असतात का. एरवी मी याचं उत्तर जरा तुटकपणे देतो. त्या दिवशी मात्र दोन बिअर झाल्या होत्या.

"असतात म्हणजे काय, आम्ही त्यांची पूजा करतो," मी म्हणालो. "त्यांच्यासाठी खास सण आहे. आमच्याकडे सापाला घरच्या माणसासारखं मानतात."

(वस्तुस्थिती अशी की नागपंचमीला आई पाटावर चंदनाने नाग काढायची आणि मी लाह्या खायचो. खरा साप मी सर्पोद्यानात काचेपलीकडून पाहिला होता, तोही बाबांच्या पाठीमागे उभं राहून.)

टेबलाच्या टोकाला कुरोदा-साननी ग्लास खाली ठेवला. "भालेराव-सान, घरच्या माणसासारखं?"

"हाय," मी म्हणालो. जपानीत याचा अर्थ 'हो' असा होतो आणि माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे याच शब्दापासून सुरू झालेत.

तीन आठवड्यांनी कुरोदा-सान माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांना आठ दिवस आमच्या पुण्याच्या ऑफिसात जायचं होतं. (त्यांचं जपानी मी इथे माझ्या मराठीत देतो, ते मूळचं फार छान असतं.) "माझ्याकडे एक अजगर आहे. लहान जातीचा. हानाको. सोळा वर्षांची. माझ्या बायकोने पाळली होती. बायको तीन वर्षांपूर्वी गेली." मग त्यांनी माझा कीबोर्ड सरळ केला. "प्राणी सांभाळणारे लोक साप घेत नाहीत. तुमच्या घरी तिला परकं वाटणार नाही."

माझ्याकडे सबबी होत्या. घर लहान आहे, आई पुण्याहून आलीय, बायको मीनल पालीला पाहूनसुद्धा खुर्चीवर चढते. पण ते बायकोबद्दलचं वाक्य मध्ये आलं आणि एकही सबब तोंडातून निघेना. हा माणूस घरी गेल्यावर ज्या एका जिवाशी बोलत असेल, तो जीव मला देत होता. मी पुन्हा "हाय" म्हणालो.

हानाको कुरोदा-सानबरोबर टॅक्सीने आली. काचेची पेटी, तिच्यात एक पालथी कुंडी, कुंडीत गुंडाळी करून बसलेली हानाको, आणि सोबत अकरा पानांचं सूचनापत्र, चित्रांसह. थोडक्यात मुद्दा एकच होता: साप स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवू शकत नाही, ते आपण ठेवायचं. पेटीची एक बाजू बत्तीस अंश, दुसरी सव्वीस. तिला ऊब हवी तेव्हा ती इकडे सरकेल, नको तेव्हा तिकडे. फार गार पडली तर छातीला सर्दी होते आणि या वयात ती जिवावर बेतते. फार तापली तर पोट भाजतं. ऊब देण्यासाठी पेटीखाली एका बाजूला वहीएवढी पातळ हीटरची पाटी सरकवलेली. पेटीच्या आत बटणाएवढा बिनतारी सेन्सर. सेन्सर म्हणाला 'गार' की पाटी चालू, 'गरम' की बंद; फारच गार झालं तर पाटीच्या वायरीवरचं डबडं पीं पीं करणार. आणि सगळ्याचा ग्राफ माझ्या फोनवर आणि कुरोदा-सानच्याही.

ग्राफ पाहून माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, हे तर आपलंच काम.

जाताना कुरोदा-साननी एकच गोष्ट तोंडी सांगितली. "यंत्र चुकू शकतं. रोज संध्याकाळी हात आत घालून ऊब बघा. आणि तिला बघा."

"हाय," मी म्हणालो. (हात घालायचा, तोही सापाच्या पेटीत! माझ्यासारख्या अनुभवी माणसाने, समोर ग्राफ असताना!)

आमची इमारत जुनी आहे. भिंती पुठ्ठ्याच्या असाव्यात असा आमचा अंदाज आहे. घरात दिवसभर हीटर चालू असायचा तो एकाच खोलीत, आईच्या. म्हणून पेटी तिथे गेली. मीनलने दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, "आई, तुम्हाला चालेल ना? नाही म्हणा हवं तर. नाही म्हणाच."

आई पेटीसमोर मांडी घालून बसली, चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं. मग हात जोडले.

"चालेल की. पण मग घरात सगळं नीट पाळायचं."

"काय पाळायचं?" मी विचारलं.

"नागपंचमीला काय पाळतात? चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही."

"आई, हा जानेवारी आहे."

"पाटावर नुसता काढलेला असतो तर एक दिवस पाळतो आपण. हा इथे जिवंत बसलाय. आणि मी त्याच्यासमोर कांदा चिरू?"

"आई, अजगर आहे तो, नाग नाही."

"नात्यातला आहे ना?"

"आणि तो नाही, ती आहे."

"मग तर माहेरवाशीणच. आठ दिवस आहे ना? आठ दिवस पाळू."

झालं. घरातल्या सुऱ्या आईने फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवल्या. पोळ्या बंद, फोडणीची भाजी बंद. मीनल ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून हाताने फरसबी मोडायची. पहिल्या दिवशी पुरणाची दिंडं झाली, तेव्हा मला हा साप अगदीच वाईट वाटला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र वरणभात, उकडलेला बटाटा आणि दही. तिसऱ्या दिवशी वरणभात, उकडलेलं रताळं आणि दही. चौथ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, उभं राहून दोन तळलेली क्रोकेट खाल्ली आणि तोंड पुसून घरी आलो.

या सगळ्यात दह्यावर भार पडला. इथलं विकतचं दही आईला मान्य नव्हतं. ("हे थरथरतं रे. दह्याने थरथरू नये.") तिने घरी विरजण लावलं. ते लागेना. पहिल्या रात्री पातेलं शालीत गुंडाळलं, दुसऱ्या रात्री माझ्या लोकरी बनियनमध्ये. सकाळी दूध होतं तसंच दूध, आणि माझ्या बनियनला आंबूस वास. आई फार नाराज झाली. बाईच्या हातचं दही सासूने नावाजलेलं होतं, आणि टोकियोत येऊन ती हरत होती.

आणि मग चौथ्या दिवशी सकाळी दही लागलं. असं लागलं की वाटी उलटी धरली तरी पडू नये. मी दोन वाट्या खाल्ल्या. कसं लागलं हे विचारलं नाही. खाणाऱ्याने विचारू नये अशी आमच्या घरची पद्धत आहे.

योगायोगाने त्याच दिवसापासून हानाकोचा ग्राफही सुधारला. आधी तो रेंगाळत वरखाली व्हायचा, तीस, चौतीस, एकतीस. आता एकदम सरळ. बत्तीस, बत्तीस, बत्तीस. इतकी सुंदर रेघ मी नोकरीतसुद्धा पाहिली नव्हती. मी रोज संध्याकाळी तिचं चित्र कुरोदा-सानना पाठवायचो, खाली 'सर्व ठीक' असं लिहून. पुण्याहून त्यांचं उत्तर आलं, "उत्तम. हे कसं केलंत?"

खरं तर मी काहीच केलं नव्हतं. पण साहेब विचारतायत म्हटल्यावर 'काहीच नाही' असं कसं लिहायचं? मी लिहिलं, "सेटिंगमध्ये थोडे बारीक बदल केले."

त्यांनी तो ग्राफ आमच्या टीमला पाठवला. शुक्रवारच्या सकाळच्या मीटिंगमध्ये मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं. मी बारा मिनिटं बोललो. 'स्थिरता ही वृत्ती आहे' अशी एक स्लाइडच केली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हात मात्र मी पेटीत एकदाही घातला नव्हता. आईच्या खोलीच्या दारातून "बरी आहे ना ग?" असं विचारायचो आणि आई म्हणायची, "मजेत आहे." ती कोणाबद्दल सांगतेय हेही मी विचारलं नाही.

रविवारी दुपारी एक वाजता कुरोदा-सानचा फोन आला. ते पुण्यात हॉटेलात नाश्त्याला बसले होते. दुसऱ्या दिवशी परतणार होते. मी व्हिडिओ चालू केला, लॅपटॉपवर ग्राफ उघडला, त्यांच्यासमोर त्यांच्या फोनवरही तोच. दोघं मिळून ती रेघ बघू लागलो.

"एकतीस," कुरोदा-सान म्हणाले.

"थोडंसं हलतंच," मी म्हणालो.

"सव्वीस."

मी लॅपटॉप जवळ ओढला.

"एकोणीस. भालेराव-सान, खिडकी उघडी आहे का?"

"नाही."

"बारा."

असं मोजताना त्यांचा आवाज हळूहळू लहान होत गेला. मी सर्व्हर कोसळताना पाहिलेत, पण असा माणूस पाहिला नव्हता. आठ. सहा. बाहेर टोकियोच्या रस्त्यावरसुद्धा नऊ अंश होते! रेघ पाचवर जाऊन थांबली आणि पुन्हा अगदी सरळ झाली.

"ती..." कुरोदा-सान म्हणाले.

नोकरीचा विचार मनात आला नाही असं नाही, पण तो नंतर आला. आधी आलं ते हे, की या माणसाच्या बायकोचं मागे राहिलेलं एवढंच होतं आणि ते मी मारलं. फोन हातात धरून मी आईच्या खोलीत धावलो. आई नव्हती, कुठूनतरी नुसतं पीं पीं ऐकू येत होतं. पेटीखाली हात घातला, तर हीटरची पाटी नाही! पेटीत पाहिलं, सेन्सर नाही. कुंडी उचलली, हानाको नाही. गरम बाजूला आईच्या जुन्या सुती लुगड्यांच्या गोधडीचं एक गाठोडं होतं, बस.

आता गाठोड्यात हात घालण्यावाचून इलाज नव्हता. घातला. सहा दिवसांत पहिल्यांदा. आत छान कोमट होतं. आणि त्या कोमटपणातलं काहीतरी सावकाश माझ्या मनगटाभोवती फिरलं.

मी जे ओरडलो ते पुण्याच्या हॉटेलात आजूबाजूच्या टेबलांवरही ऐकू गेलं असं मला नंतर कळलं.

"हळू रे," दारातून आई म्हणाली. "आत्ता कुठे झोपली होती." तिच्या मागे मीनल होती. ती खुर्ची घेऊनच आली होती.

"आई, पाटी कुठाय?"

"कुठली पाटी?"

"गरम होते ती! पेटीखालची."

"ती होय. ती माझ्या पलंगाखाली. तिच्यावर दही लावते मी चार दिवस. इतकी छान ऊब, नुसती काचेखाली वाया जात होती."

"आणि ते बटण? पांढरं?"

"पाटी काढली की ते डबडं पीं पीं करायला लागलं. म्हटलं, बटणाला ऊब हवी असेल. ते दह्याच्या पातेल्याला चिकटवलं, वरून फडकं बांधलं. गप्प बसलं लगेच."

माझ्या डोळ्यांसमोरून चार दिवसांची ती सुंदर रेघ गेली, टीमच्या टाळ्या गेल्या, स्लाइड गेली. "आणि आत्ता ते बटण कुठे आहे?"

"फडकं सोडताना सुटलं, ते झाकणावरच राहिलं. रोज लगेच दुसऱ्या पातेल्याला लावते, आज विसरले. दही लागलं, म्हणून दहा मिनिटांपूर्वी फ्रीजमध्ये ठेवलं."

मीनल खुर्चीवर चढून हसायला लागली. मी आवाज शक्य तितका शांत ठेवून म्हणालो, "आई, ती पाटी हिच्यासाठी होती. गार पडून ही मेली असती."

आईला हे मनापासून लागलं. "मरेल कशी? मी काय तिला उघड्यावर टाकलं होतं? पाटी काढली त्याच रात्री माझी गुडघ्याची गरम पाण्याची पिशवी दिली तिला, गोधडीत गुंडाळून. दर तीन तासांनी पाणी बदलते. मध्ये फार गरम झालं तर ती आपणहून कुंडीकडे जाते, मग मी एक पदर काढून घेते. रोज हात लावून बघते मी तिला. तू बघितलंस का एकदा तरी?"

फोनमधून कुरोदा-सानचा आवाज आला. "हानाको?"

हानाको एव्हाना माझ्या कोपरापर्यंत आली होती आणि मी पुतळ्यासारखा उभा होतो, त्यामुळे फोन आईने घेतला. आईला जपानी येत नाही, कुरोदा-सानना मराठी येत नाही. आईने फोन हानाकोसमोर धरला. मग स्वतःचा हात दाखवला, तो उलटा केला, गोधडीत घालून बोटांच्या मागच्या बाजूने ऊब बघितली आणि मान हलवली. "बरोबर आहे बघा," ती त्यांना मराठीत म्हणाली. "बाळाचं पाणी बघतो तसं बघायचं. काळजी करू नका."

कुरोदा-सान मला म्हणाले, "माझी बायको असंच बघायची. उलट्या हाताने. मला ते कधी जमलं नाही, म्हणून मी सेन्सर आणला." आणि तिथे, नाश्त्याच्या टेबलाशी, ते आईला वाकून नमस्कार करते झाले. पडद्यावर आम्हाला काही क्षण फक्त त्यांचं टक्कल दिसत होतं. आईचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं, पण डोळे पुसायला हलायची हिंमत नव्हती.

वर आल्यावर त्यांनी घसा साफ केला. "भालेराव-सान."

"हाय."

"गेले चार दिवस मला पाठवलेला ग्राफ कशाचा होता?"

"दह्याचा," मी म्हणालो.

त्यांनी फोनवर पुन्हा एकदा पाहिलं. "फार स्थिर होतं," ते म्हणाले. हा त्यांच्या 'हं'चा पाचवा प्रकार होता, फक्त शब्दांत.

ते परत आले त्या संध्याकाळी विमानतळावरून थेट आमच्याकडे आले. बूट काढून आधी आईच्या खोलीत गेले, पेटीत हात घातला, उलटा. हानाको सावकाश त्यांच्या बाहीत शिरली. मग आईने त्यांना दहीभात वाढला. त्यांनी तो चमच्याने, डोळे मिटून, एकही शीत न सांडता खाल्ला आणि जाताना माझ्याकडून मराठी शिकून घेऊन आईला म्हणाले, "पुढच्या वेळी तुमच्याकडेच." माझं नाव त्यात नव्हतं हे माझ्या लक्षात आलं.

मार्चमध्ये माझं वार्षिक मूल्यमापन झालं. कुरोदा-साननी फॉर्म स्वतःच्या हाताने भरला होता. अहवाललेखनाला पाचपैकी पाच. त्याच्या खालचा रकाना प्रत्यक्ष पाहणीचा. तिथे पाचपैकी एक, आणि पुढे नीटस अक्षरात शेरा: 'प्रशिक्षणाची गरज आहे. प्रशिक्षक घरी उपलब्ध.'

संध्याकाळी आईने विचारलं, "काय रे, साहेबांनी किती मार्क दिले?"

मी तिला फॉर्म दाखवला, खालच्या रकान्यावर अंगठा ठेवून.